रेंज ट्रेकचे वृत्तांत आणि पाण्याची नोंद

मधुमकरंदगड, चकदेव, पर्वत, महिमंडणगड अशी डोंगररांगेने जाणारी भटकंती साताऱ्यातल्या तरुण मंडळींत हल्ली चांगलीच रुळली आहे आणि थंडी पडू लागली की तिच्या पोस्टी व रील यांचा नुसता पाऊस पडतो. मी त्या आवडीने पाहतो. मात्र पाठीवर सॅक घेऊन चार-पाच दिवस स्वतः चालू इच्छिणाऱ्याला त्यांतल्या बहुतेकांचा काडीचाही उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दरीत उतरलेले ढग दिसतात, कड्यावरून खाली सोडलेले पाय दिसतात. पण त्या दिवशी पाणी कुठे भरले, महिना कोणता होता आणि खिंडीतून फुटणाऱ्या दोन ढोरवाटांपैकी पुढच्या वाडीची कोणती, यांतले काहीच हाती लागत नाही.

लांब पल्ल्याच्या चालीचे सगळे गणित पाण्यावर बसते. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे पुढचे पाणी दोन तासांवर आहे की दिवसभराच्या अंतरावर, हे ठाऊक नसेल तर माणूस एकतर उगाच ओझे वाहतो किंवा भर दुपारी डोंगराच्या उघड्या सोंडेवर कोरडा पडतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो खरा, पण या परिसरातल्या उभ्या कातळउतारांवरून त्यातला बराचसा वाहून जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कित्येक झरे मान टाकतात. म्हणून ‘गडावर पाण्याचे टाके आहे’ एवढेच लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते. नोंद कशी असावी? ‘जानेवारीचा दुसरा आठवडा. टाक्यात हातभर पाणी, वर शेवाळ, खाली स्वच्छ. गाळून, उकळून प्यायलो. वाडीतले मामा म्हणाले, शिमग्यानंतर आटते.’ यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते तिथे बारा महिने राहणाऱ्याचे आहे.

गुलाबी वर्णनाने काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी ॲपलाचियन ट्रेल एमा गेटवूड या बाईंनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, साधे कापडी बूट घालून एकटीने पूर्ण केली. एका मासिकातला लेख वाचून ही वाट सोपी आणि नीट राखलेली असेल, असा त्यांचा समज झाला होता. प्रत्यक्षात निवारे मोडके निघाले आणि वाटेवर ठिकठिकाणी झाडे आडवी पडलेली होती. त्या जिद्दीच्या होत्या म्हणून निभावले. त्याच वाटेवरच्या निवाऱ्यांमध्ये आज वह्या ठेवलेल्या असतात आणि पुढे गेलेला मागून येणाऱ्यासाठी त्यांत लिहून जातो.

आपल्याकडे हे नवे आहे, असेही नाही. माउलींच्या पालखीचे वेळापत्रक आधीच जाहीर होते, त्यामुळे पहिल्यांदा वारीला निघालेल्यालाही नीरा स्नानानंतर लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हे मुक्काम आळंदीतच पाठ असतात.

माझा खरा आक्षेप मात्र पाहुणचाराच्या वर्णनांवर आहे. कोयना धरणाच्या फुगवट्याने तुटलेल्या कांदाटी खोऱ्यातल्या कितीतरी घरांचे किराणा सामान लाँचने किंवा डोक्यावरून येते. अशा घरात नाचणीची भाकरी आणि पिठले खाऊन कुणी कौतुकाने लिहितो, ‘मावशींनी पैसे घेतलेच नाहीत!’ ते वाचून पुढचे वीस जण फुकटच्या अपेक्षेने त्याच ओसरीवर सॅक टेकवतात, आणि ‘जेवून जावा की’ म्हणणाऱ्या बाईला नाही म्हणणे जमत नाही. त्याऐवजी आपण माणशी किती दिले, हे लिहावे. पैसे घेतलेच नाहीत तर तांदूळ, डाळ, चहापूड ठेवून यावी आणि तेही लिहावे. त्यात बढाई कसली? घरमालकाचा फोन नंबर मात्र त्यांना विचारल्याशिवाय टाकू नये.

वासोटा किल्ल्यावरच्या पोस्टींचेही तसेच. हा किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बामणोलीहून लाँचने जाताना वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात गड बंद असतो आणि वर मुक्काम करता येत नाही. चोरवाटेने चढून गडावर रात्र काढल्याच्या पोस्टींना शेकड्यांनी लाइक मिळतात. मी अशा पोस्टींखाली परवानगीचे नियम लिहून येतो, म्हणून काही मित्रांनी मला ब्लॉक केले आहे, त्याला माझी हरकत नाही.