पहिला सोमवार, शुक्रवारी रात्री

सासरे कोर्टातून शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालेले असतील, तर जावयाने त्यांच्यासमोर कोर्टाची मालिका लावू नये. हे मला याद्यांच्या वेळीच कोणीतरी सांगायला हवं होतं.

२००२ सालचा जानेवारी. आप्पा आमच्याकडे न्यू जर्सीत मुक्कामाला आलेले. उभी हयात सातारा जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत गेलेली, इथे थंडीमुळे बाहेर पाय टाकायची सोय नाही, मराठी बोलायला लेकी-जावयाखेरीज कोणी नाही. त्यातच सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर ‘फर्स्ट मंडे’, म्हणजे ‘पहिला सोमवार’, सुरू झाली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या न्यायमूर्तींवरची मालिका. म्हटलं, आप्पांच्या आवडीचा विषय, तेवढाच आपल्यालाही तासभर निवांतपणा.

निवांतपणा कसला! वॉशिंग्टनच्या त्या कोर्टाचं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं, म्हणून मालिकेचं हे नाव, असं मी सांगितलं आणि आप्पांनी पहिली हरकत नोंदवली. “नाव सोमवारचं आणि लागतं शुक्रवारी? म्हणजे इथंही तारीख पुढंच ढकलतात.”

मालिकेत अभिनेते जेम्स गार्नर सरन्यायाधीश झाले होते. आप्पा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. “जिल्हा न्यायाधीश शोभतात हो,” म्हणाले. आप्पांच्या लेखी याहून मोठं पद पृथ्वीतलावर नव्हतं. जो मँटेग्ना नवे न्यायमूर्ती. बाकीचे आठ चार-चार असे विभागलेले, त्यामुळे सगळा भार या नवव्यावर. हा पेच आप्पांना कळला, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

“जावईबापू, साक्षीदार कुठायत?”

“इथे साक्षीदार नसतात, आप्पा.”

“आरोपी?”

“तोही नसतो. खालच्या कोर्टांतून आलेल्या कागदांवरच सगळं चालतं.”

आप्पांचा चेहरा उजळला. नुसते कागद! “मग दाखवा म्हणावं की कागद!” पण मालिकेवाले कागद दाखवायला तयार नव्हते. ते न्यायमूर्तींच्या हाताखालची तरुण पोरं दाखवत होते, त्यांची भांडणं, त्यांचे रुसवे. एक पोरगा टेबलावर कागदपत्रं तशीच टाकून तरातरा निघून गेला, तेव्हा आप्पा सोफ्यावरून अर्धे उठले. “अहो, ते रेकॉर्ड उघडं टाकून गेला! कपाटाची किल्ली कुणाकडं असते तिथं?”

किल्लीचं मला ठाऊक नव्हतं. ते शोधून आणायचं काम माझ्यावर आलं. दर शनिवारी मी लायब्ररीत जायचो आणि आप्पांच्या प्रश्नांची उत्तरं वहीत उतरवून आणायचो. बायको म्हणायची, “सांग ना रे, त्यांना तेवढाच विरंगुळा.” ती स्वतः पहिल्या जाहिरातीलाच झोपलेली असायची.

तेव्हा तिथे वर्षाला सात हजारांवर अर्ज यायचे आणि सुनावणी व्हायची जेमतेम ऐंशी प्रकरणांची, हे ऐकून आप्पांनी मान डोलावली. बाकीच्यांची नक्कल कोण देतं, हे मात्र विचारलंच. प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास. पाच मिनिटं उरली की वकिलासमोर पांढरा दिवा लागतो आणि वेळ संपली की लाल, हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर तशी सोय करता येईल का, असंही विचारून पाहिलं. रोख माझ्याकडे होता. कामकाजाच्या आधी तिथे “ओयेज, ओयेज, ओयेज” असा तीनदा पुकारा होतो म्हटल्यावर त्यांनी निकालच देऊन टाकला, “पुकारा आहे ना? मग कोर्ट खरं.”

न्यायमूर्तींची खलबतं बंद खोलीत होतात, आत दुसरं कोणी चालत नाही आणि दारावर टकटक झाली तर सर्वांत कनिष्ठ न्यायमूर्तीने उठून दार उघडायचं, हे ऐकल्यावर मात्र ते हबकले. “एवढ्या मोठ्या कोर्टाला पट्टेवाल्याची जागा मंजूर नाही?” त्याच रात्री ही बातमी आंतरदेशीय पत्रासारख्या बारीक अक्षरांत कोरेगावच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे रवाना झाली.

खरं सांगू? अशा मालिका टिकणं कठीणच. त्या कोर्टात कॅमेऱ्याला प्रवेश नाही, आणि तो मिळाला तरी दिसणार काय? नऊ माणसं वाचताहेत, मग लिहिताहेत, आणि एकमेकांचं लिहिलेलं वाचून पुन्हा लिहिताहेत. ऑक्टोबरमध्ये युक्तिवाद झालेल्या प्रकरणाचा निकाल जूनपर्यंतही लांबू शकतो. मालिकेत तो जाहिरातींसकट तासाभरात. आप्पांना हा वेग बेकायदेशीर वाटायचा.

मार्चमध्ये एबीसी या दुसऱ्या वाहिनीनेही अभिनेत्री सॅली फील्डना न्यायमूर्ती करून ‘द कोर्ट’ आणली आणि तीन भागांत बंद केली. आमची मालिका तेरा भाग ओढून मे महिन्यात गेली. मी आनंद लपवत ही बातमी आप्पांना दिली.

“गुणदोषांवर निकाल झाला, की तशीच काढून टाकली?”

“प्रेक्षक नव्हते, आप्पा.”

“म्हणजे गैरहजेरीत काढली. मग परत दाखल करून घेता येते.” त्यांनी चष्मा लावला, मला कागद आणायला सांगितला आणि येरझारा घालत मजकूर सांगू लागले, “अर्जदार, वय वर्षे एकसष्ट, धंदा पेन्शनर, राहणार जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम न्यू जर्सी, यांचा विनंती अर्ज ऐसा जे…”

अर्ज तीन प्रतींत झाला. त्यातली एक माझ्या हातात देत आप्पा म्हणाले, “मिळाली म्हणून इथं सही करा, जावईबापू. आणि खाली तारीख घाला.”