‘पोट भरलेल्यांचे चोचले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पालक, खानापूर’ यांस,

बालवाडीतल्या मुलांना लिहायला बसवू नका, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “बाई! खेळातून शिक्षण हे पोट भरलेल्यांचे चोचले. आमची पोरं अक्षरं न गिरवता पहिलीत गेली की मागंच राहतात. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, पुढं इंग्रजी, त्याचं काय? कोसबाडचं सालही चुकलंय. तुमची मुलगी कुठं शिकली?”

सालाचं आधी. तुमचं बरोबर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं आदिवासी मुलांच्या बालशिक्षणाचं काम १९४५ ला बोर्डीत सुरू झालं, कोसबाडला ते १९५७ ला गेलं. मी दोन्हींची खिचडी केली होती. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘पोट भरलेल्यांचे’? झोंबलं, खोटं कशाला बोलू. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पानं, खडे, शिंपले हेच साहित्य. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. त्यातल्या कुणाचं पोट भरलेलं होतं हो? टीका जरूर करा, पण निदान माहिती घेऊन.

आणि माझ्या पोटाचं म्हणाल, तर बेळगावच्या वडगावात विणकरांच्या गल्लीत वाढले मी. बाबा दुसऱ्याच्या मागावर. साडी उतरली तर पैसे. मावशी देवळाच्या ओवरीत बालवाडी चालवायची. तिलाही लोक ‘बाई’च म्हणायचे, उद्गारचिन्ह न घालता. तिच्याकडे चिंचोके आणि मागावरच्या रिकाम्या कांड्यांचा एक डबा, एवढंच. कांड्या लांबीप्रमाणे लावायच्या, मोजायच्या, त्यांची आगगाडी करायची. पहिलीत गेले तेव्हा मला माझं नाव लिहिता येत नव्हतं. दिवाळीनंतर दुकानांच्या पाट्या वाचत सुटले. ज्या लेखावर तुम्ही एवढे तापलात, तो लिहिण्याइतपत तरी पुढं आले की नाही?

परवा भाचीची वही पाहिली. वय चार वर्षं दोन महिने. शाळा नामांकित, नाव कशाला घ्या. पानभर ७, निम्मे उलटे. पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर आकडे हाताला लागतात. खाली लाल शाईत ‘पुन्हा लिही’. या वयात मनगटातली हाडंसुद्धा पुरती तयार नसतात, पण वही मात्र चार रेघी! तिनं वही माझ्या हातून ओढून घेतली आणि पाठीमागं लपवली. हा चोचला कुणाचा, तुम्हीच सांगा.

राहिला पहिलीचा आणि तीन भाषांचा मुद्दा. सीमाभागात आम्हीही राहतो, ते तुम्ही शिकवायला नको. भाषांचा विषय वेगळाच आहे, सवडीनं लिहीन. पहिलीचं म्हणाल, तर सहा वर्षं पूर्ण हवीत असा नियम कर्नाटकात झाला, तर २०२५-२६ पुरती ती अट पाच वर्षं पाच महिन्यांवर आणावी लागली, तीही पालकांच्याच मागणीवरून. घाई कुणाला झालीय ते बघा.

आणि माझी मुलगी शहापुरात शिकली. इंग्रजी माध्यमात, एलकेजीपासून. तेव्हा घरच्यांचं ऐकलं. त्याचा इथं काय संबंध?