बाल्फोरच्या काळी सगळेच आंधळे नव्हते

पॅलेस्टाइनचा विषय निघाला आणि कुणी बाल्फोर-चर्चिल या ब्रिटिश नेत्यांच्या वंशवादाबद्दल बोललं, की उत्तर ठरलेलं: ‘अहो, त्या काळी सगळेच तसे होते.’ मला हे अजिबात पटत नाही. बाल्फोर ज्यात होता त्याच ब्रिटिश सरकारात, त्याच १९१७ साली, ‘हे चुकतंय’ असं लेखी देणारे दोन मंत्री होते, आणि दोघंही आपल्या चांगल्याच ओळखीचे.

आधी बाल्फोर. हा पंतप्रधान असताना १९०५ साली पूर्व युरोपातून पळून येणाऱ्या ज्यूंची वाट अडवणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेवरच्या चर्चेत त्याने पार्लमेंटला सांगितलं की गोरे आणि काळे सारख्या कुवतीचे जन्मत नाहीत आणि शिक्षणाने हा फरक जायचा नाही. मग परराष्ट्रमंत्री म्हणून लिहिलेलं २ नोव्हेंबर १९१७ चं ते प्रसिद्ध पत्र, म्हणजेच बाल्फोर जाहीरनामा: पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर व्हायला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा. पॅलेस्टाइनमध्ये तेव्हा दहातले जवळपास नऊ जण अरब, पण पत्रात त्यांचं नावही नाही. ‘ज्यूंखेरीज इतर’ म्हणून नागरी आणि धार्मिक हक्क तेवढे देऊ केले. राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर नाही. १९१९ च्या टिपणात तर तो उघडच लिहितो की तिथल्या लोकांना विचारल्याचा देखावासुद्धा आम्ही करणार नाही.

आता या धोरणाला विरोध कुणी केला? पहिला एडविन मॉन्टेग्यू, आपला भारतमंत्री, माँट-फर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणांमधला. स्वतः ज्यू. ऑगस्ट १९१७ मध्ये त्याने टिपण लिहून आपल्याच सरकारला ज्यूद्वेष्टं ठरवलं. ज्यूंचं राष्ट्र वेगळं म्हटलंत की प्रत्येक देश आपल्या ज्यूंना ‘जा तिकडे’ म्हणायला मोकळा, हा त्याचा मुद्दा. १९०५ चा कायदा आठवला की त्याची भीती अवाजवी वाटत नाही.

दुसरा चक्क लॉर्ड कर्झन! बंगालची फाळणी करणारा, ज्याच्या कारभाराला जोड शोधायला गोखल्यांना बनारसच्या काँग्रेसमध्ये औरंगजेबापर्यंत मागे जावं लागलं, तो. त्याला उदारमतवादी म्हणायची माझी तयारी नाही. पण त्याने विचारलं की तिथे शतकानुशतकं राहणाऱ्या अरबांचं काय करणार? जमीन सोडून जायला किंवा नुसते लाकूडतोडे-पाणके म्हणून राहायला ते तयार होणार नाहीत. शेवटी मंत्रिमंडळापुढे त्याने मान तुकवली, हेही खरं.

म्हणजे कर्झनसारख्या साम्राज्यवाद्यालाही दिसत होतं. न दिसणं ही ज्याची त्याची निवड होती. चर्चिलची तर फारच उघड. १९३७ साली पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर नेमलेल्या ब्रिटिश पील आयोगापुढे तो म्हणाला की अमेरिकेतल्या रेड इंडियनांवर किंवा ऑस्ट्रेलियातल्या काळ्यांवर मोठा अन्याय झाला असं मी मानत नाही, वरचढ वंशाने येऊन त्यांची जागा घेतली एवढंच. (भारतीयांबद्दल तो काय बोलायचा ते इथे नव्याने सांगत नाही.) त्याच आयोगाने पॅलेस्टाइनची ज्यू आणि अरब अशी फाळणी सुचवली आणि सोबत सुमारे सव्वादोन लाख अरबांना हलवण्याचा हिशेबही मांडला.

सगळं खापर बाल्फोर-चर्चिलवर फोडता येणार नाही. हिटलर आहे, अरब राज्यकर्त्यांचे आपसांतले डाव आहेत, पुढच्या इस्रायली सरकारांचे निर्णय आहेत, हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला केलेली कत्तल आहे. पण ‘अरबांचं काय?’ हा प्रश्न १९१७ साली कागदावर आला होता आणि तो बाजूला सारला गेला. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन होताना सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. आज गाझात राहणारे बहुसंख्य लोक त्याच निर्वासितांची मुलं-नातवंडं आहेत.