'एक वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक वाचक' यांस नमस्कार.

अमेरिकन कॉलेजांतल्या पुरुषांच्या पोशाखावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं: 'आयव्ही' म्हणून ओळखला जाणारा हा पोशाख कापडातून किंवा दुकानातून आला नाही, तो येल-प्रिन्स्टन या विद्यापीठांतल्या मुलांच्या बेफिकिरीतून आला. जे. प्रेस हे कपड्यांचं दुकान न्यू यॉर्कमध्ये सुरू झालं हे मी लिहिलं ते चूक. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेले सैनिक आणि जॅझ वादक यांना मी दोन ओळींत उरकलं. आणि सगळ्यात शेवटी, "शिंप्याच्या नजरेने इतिहास लिहिता येत नाही, त्याला अभ्यास लागतो."

आधी चुकीचं बोलू. जे. प्रेस 1902 साली न्यू हेवनमध्ये, येलच्या आवारालगत सुरू झालं. न्यू यॉर्कची शाखा नंतरची. चूक माझी, आपण दाखवलीत, आभारी आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. एवढं लिहिण्याची गरज काय होती? मुद्दा मांडा, पुरावा द्या, मी ऐकून घेईन. पण 'शिंपी' हा शब्द कमीपणा दाखवायला वापरायचा, हे मला लागलं आणि लागायलाच हवं होतं. माझे वडील मिरजेत अडतीस वर्षं कोट शिवत होते. दहावीपर्यंत माझा अभ्यास त्यांच्या कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर बसून झाला आहे. त्या नजरेला आपण अभ्यास मानत नसाल तर तो आपला प्रश्न आहे, पण मग निदान ती नजर काय पाहते ते ऐकून घ्या.

अकरा वर्षं मी कनेक्टिकटमध्ये नोकरी केली. तिथल्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात 18 डॉलरना 1960 च्या दशकातला ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, कोट मिळाला. घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "डाव्या खांद्याची टीप उसव." उसवली. आत पॅड नाही. कापूस नाही. कॅनव्हासची एक पातळ पट्टी आणि अस्तर, बस्स. पुढच्या पल्ल्यांना कमरेत चिमटाही नाही, कोट सरळ खाली येतो. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पॅड नसलं की खांदा लपवता येत नाही. हे शिवणाऱ्याचा हात पक्का होता."

मग त्यांनी वरचं काज कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. आपल्या बेफिकिरीच्या सिद्धान्तासाठी हे महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. या कोटाला बटणं तीन, पण लॅपल, म्हणजे छातीवर उलटणारी कोटाची पट्टी, मधल्या बटणापर्यंत वळतो आणि वरचं काज त्या वळणात उलटं होऊन दिसतं. आपण लिहिता की मुलांनी कोट कसाही चुरगळून घातला आणि त्यातून हे वळण पडलं. माझ्या कोटात वरच्या काजाची सुबक बाजू आतल्या अंगाला आहे, म्हणजे लॅपल वळल्यावर जी बाजू लोकांना दिसणार तीच नीट विणलेली. खालच्या दोन काजांची सुबक बाजू बाहेर. हा अपघात नाही. कुणीतरी सुई हातात घेऊन, हे काज कधीच लावलं जाणार नाही हे ओळखून, ते उलट्या बाजूने शिवलं आहे. मुलांनी आधी काय केलं असेल ते असो, ते टिकवलं शिवणाऱ्याने. पुस्तकांत हे सापडेलच असं नाही. टीप उसवल्यावर सापडतं.

आणि हे शिवणारे कोण होते? जे. प्रेस सुरू करणारा जेकोबी प्रेस लाटव्हियातून आलेला ज्यू माणूस. न्यू हेवन आणि प्रिन्स्टनमधल्या अशा नामवंत दुकानांपैकी कितीतरी ज्यू कुटुंबांची होती. त्याच येलमध्ये 1920 च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं ज्यू मुलांच्या प्रवेशावर अघोषित मर्यादा होती. ज्यांना वर्गात बसायला जागा मोजून मिळत होती, त्यांच्या माणसांनी त्या वर्गाचा गणवेश बेतला. असं असताना या पोशाखाच्या उगमात शिंप्याची नजर नको म्हणणं मला सहन होत नाही. माफ करा, पण हे उद्धटपणाचं आहे.

कापडाबद्दल आपण "भारत-भारत पुरे" असंही म्हटलं आहे. मी अभिमानाची पताका लावली नव्हती. येलचं नावच ज्याच्यावरून पडलं तो एलिहू येल मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. 1718 मध्ये त्याने कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे, 417 पुस्तकं आणि राजाचं एक चित्र पाठवलं. त्या गठ्ठ्यांत कापड होतं आणि तो माल विकून 562 पौंड आले. या पोशाखातल्या खाकी पँटचं, म्हणजे खाकीचं, मूळ 1846 च्या सुमारास पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या गाइड्स पलटणीत आहे. शब्दही आपल्याच ओळखीचा, खाक म्हणजे धूळ. शर्टाची टोकांना बटणं असलेली कॉलर ब्रुक्स ब्रदर्स या दुकानाच्या जॉन ब्रुक्सने इंग्लंडात पोलो खेळाडूंच्या अंगावर पाहिली, हेही लेखात होतं आणि ते काही भारताचं नाव पुढे करायला लिहिलेलं नव्हतं. जिथलं जे आहे तिथलं ते मी लिहिलं. या पोशाखाबरोबरच्या बिनलेसच्या विजन्स बुटांचं मूळ नॉर्वेत, तेही लिहिलं. त्यावर आपली हरकत नाही, हे लक्षात आलं.

राहिले सैनिक आणि जॅझ वादक. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या 1944 च्या जीआय बिल या कायद्यामुळे सैनिक कॉलेजात आले, 1947 मध्ये प्रवेश घेणाऱ्यांत जवळपास निम्मे तेच होते आणि खाकी पँट त्यांच्याबरोबर वर्गात आली, हे मला माहीत आहे. जॅझ वादक माइल्स डेव्हिसचे कोटही माहीत आहेत. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

आपण टोपणनावाने लिहिता, मी स्वतःच्या नावाने लिहितो. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढच्या वेळी वडिलांच्या धंद्याचा उल्लेख करायचा असेल तर आधी त्या कोटाचं काज पाहून घ्या. फोटो मूळ लेखाच्या खाली आज टाकला आहे, दोन्ही बाजूंचा.