स्वीडनचा दाखला देण्याआधी

पोरं जाहिराती बघून बिघडायला लागलीत असा विषय गावाकडं निघाला की हल्ली कुणीतरी स्वीडनचं नाव काढतंच. मी तिथल्याच गोथेनबर्गला राहतो, त्यामुळं तो दाखला फिरून माझ्याच गळ्यात येऊन पडतो. परवा अंबाजोगाईहून दाजींचा फोन आला. “तुमच्या तिकडं लेकरांच्या जाहिरातीच बंद करून टाकल्यात म्हणं. आपल्या सरकारला काय धाड भरलीय?” दाजी हाडाचे शिक्षक, आता रिटायर. नातू नववीत. त्याला एका क्रिकेटपटूचे असतात तसलेच बूट लागतात, टीव्हीवरचाच फेसवॉश लागतो आणि शाळा सुटली की लाल बाटलीतलं एनर्जी ड्रिंक लागतं.

दाजींचं म्हणणं अर्धं खरं आहे. टीव्हीवर जाहिरातींना दार उघडतानाच, १९९१ मध्ये, स्वीडननं अट घातली की १२ वर्षांखालच्या मुलांना डोळ्यापुढं ठेवून जाहिरात करायची नाही. मुलांच्या कार्यक्रमात जे ठळकपणे दिसतात त्यांनी जाहिरातीत यायचं नाही, हीसुद्धा अट आहे. आपल्याकडं दूरदर्शननं १९७६ पासून जाहिराती घेतल्या, तेव्हा एवढा विचार कुणी केला नव्हता.

पण पुढची गंमत दाजींना कुणी सांगितलेली नाही. डायनोसॉरवरचं एक मासिक होतं. प्रत्येक अंकाबरोबर मॉडेलचा एक तुकडा, म्हणजे पुरा डायनोसॉर हवा असेल तर सगळे अंक घ्या. त्याची जाहिरात इंग्लंडहून उपग्रहानं स्वीडनच्या घराघरांत दिसायची. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये निकाल लागला, की युरोपीय संघाच्या दुसऱ्या सदस्य देशातून येणाऱ्या प्रक्षेपणाला स्वीडनची ही बंदी लावता येणार नाही. कायदा पुस्तकात राहिला, डायनोसॉर घरात आला!

शिवाय वय बघा, १२ च्या खाली. दाजींचा नातू १४ वर्षांचा. तो उद्या इथं येऊन राहिला तरी त्या कायद्याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

तसं पाहिलं तर आपल्याकडंही नियम नाहीत असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चिप्स, थंडपेयं असल्या पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या चॅनेलवर करायची नाही. वाचायला छान आहे. पण नववीतलं पोरगं कार्टून बघतंय कुठं? संध्याकाळी साडेसातला आजोबा, बाप, चुलता सगळे ज्या मॅचसमोर बसलेले असतात, तिच्यासमोरच तेही बसलेलं असतं. मॅच हा काही मुलांचा कार्यक्रम नव्हे. नियम एका चॅनेलवर, पोरगं दुसऱ्याच.

गेल्या उन्हाळ्यात गावी होतो तेव्हा शाळेजवळच्या एका दुकानात मुद्दाम जाऊन उभा राहिलो. गुटख्यासारख्या माळांमधून शाम्पूच्या पुड्या लटकत होत्या, खाली फ्रीज. शाळा सुटली आणि पोरांनी गलका केला. दप्तर पाठीवरच, वीसची नोट गल्ल्यावर, बाटली हातात. बाटलीवर बारीक अक्षरात सूचना असते की लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी हे पेय योग्य नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणं अशा पेयात लिटरमागं ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ पर्यंत जाऊ शकतं. एवढं कॅफीन कडक कॉफीच्या एका कपात असतं. दाजींच्या घरात नातवाला कॉफी देत नाहीत, झोप उडते म्हणून.

दुकानदाराला विचारलं, बाबा, शाळेच्या लेकरांना कशाला देतोस? तो चिडला नाही. म्हणाला, “काका, पोरं तंबाखूची पुडी मागायलेत तर मी देत न्हाई, हाकलून लावतो. पण हे तर टीव्हीवर दाखवतेत. वाईट असतं तर दाखवले असते का?”

तेव्हापासून मला वाटायला लागलं की आपण जाहिरातीचा परिणाम भलत्याच माणसावर शोधतोय. चौदाव्या वर्षी पोराला हवंसं वाटणारच, जाहिरात असो नसो. आमच्या वेळी अंबाजोगाईच्या मंडी बाजारात टांगलेला गॉगल बघून वाटायचं. जाहिरात खरं काम करते ते ‘नको’ म्हणू शकणाऱ्या मोठ्या माणसावर. दुकानदार, आई, चुलता, सगळ्यांना तिनं आधीच पटवलेलं असतं. टीव्हीवर आलं म्हणजे सरकारनं पास केलेलं आहे, असा आपल्या भागात अजूनही पक्का समज आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानमसाल्याच्या नावाची वेलची मोठमोठे नट विकतात. २०२२ मध्ये अक्षय कुमारनं लोकांच्या टीकेनंतर माफी मागून असल्या जाहिरातीतून अंग काढून घेतलं, पण वेलची काही थांबली नाही.

इथं स्वीडनमध्ये वेगळं काय आहे? इथल्या पोरीबाळी काही संत नाहीत. माझी मुलगी तेरा वर्षांची, टीव्हीकडं ढुंकूनही बघत नाही. तिच्या जाहिराती फोनमधून येतात, कुणीतरी तिच्याएवढीच पोरगी आरशासमोर उभी राहून चेहऱ्याला काय काय लावत असते. तसलंच सुरकुत्या घालवणारं सीरम घ्यायला ती मला औषधाच्या दुकानात घेऊन गेली. तेराव्या वर्षी सुरकुत्या! गल्ल्यावरच्या बाईनं बाटली हातात घेतली, हिच्याकडं बघितलं आणि वय विचारलं. मग सरळ सांगितलं, हे तुला देत नाही, साधं मॉइश्चरायझर घे. त्या दुकानांच्या साखळीनं २०२४ पासून अशा तीव्र प्रसाधनांना १५ वर्षांची अट घातली आहे. सरकारनं सांगितलं म्हणून नव्हे, आपली आपण. पोरगी रस्ताभर फुगून बसली होती. मला मात्र आयता ‘नको’ मिळाला, आणि घरात भांडण झालं नाही.

एनर्जी ड्रिंकचंही तेच. किराण्याच्या मोठ्या साखळ्या १५ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत. पोलंडनं तर २०२४ पासून १८ वर्षांखाली विक्रीच बंद केली. जाहिरात चालू असली तरी बाटली पोराच्या हाती पडत नाही.

आपल्याला हे जमणार नाही असं मी म्हणत नाही, कारण कागदावर जमलेलंच आहे. २०२० च्या केंद्रीय नियमांप्रमाणं शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात जादा कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करू असं सांगितलं होतं. ५०० मीटर राहू द्या, ५० च मोजा. टेप घेऊन शाळेच्या फाटकापासून चालत गेलात तर त्या दुकानाचा फ्रीज आधी लागेल, टेप नंतर संपेल. मी दाजींना हेच सांगितलं, अन्न प्रशासनाकडं एक अर्ज टाका. त्यावर ते म्हणाले, “अरे, दुकान आपल्याच भावकीतलं हाय.” टीव्ही बंद करायला सांगणं सोपं का वाटतं, ते मला तेव्हा कळलं. टीव्हीवाला भावकीतला नसतो.

आणि आता कडवट बोलतो. आपल्याकडं पोराच्या नावानं होणारी सगळ्यात मोठी खरेदी बूट किंवा बाटली नाही, ती आहे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठीचा लातूरचा क्लास. दहावीचा निकाल लागायच्या आधीच लोकल केबलवर, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो झळकतात. जमीन गहाण टाकून, सोनं मोडून फी भरणारा बाप तेच फोटो बघून गाडीत बसतो. पोराला जीवशास्त्रात रस आहे की नाही, हे विचारायचंच राहून जातं. २० रुपयांच्या बाटलीवरून नातवाला झापणारे दाजी या फोटोंकडं मात्र भाविकपणे बघतात.

यावरही नियम आहे. नोव्हेंबर २०२४ पासून कोचिंगवाल्यांना निकाल लागल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याचं नाव, फोटो वापरता येत नाही. आणि त्यानं नेमका कुठला कोर्स केला, किती मुदतीचा, पैसे भरून की फुकट, हे जाहिरातीत सांगावं लागतं. लातूरला ॲडमिशनला जाणाऱ्यांनी फॉर्म भरण्याआधी भिंतीवरच्या कुठल्याही एका फोटोवर बोट ठेवून एवढं विचारावं, की हा पोरगा इथं दोन वर्षं होता, की शेवटच्या टेस्ट सिरीजपुरता?