पी५३ ‘जास्त’ दिसलं म्हणजे चांगलं नव्हे
पी५३सारख्या गाठ रोखणाऱ्या प्रथिनांवरून फुप्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण किती जगेल याचा अंदाज येतो, असं एका लेखात म्हटलंय. ठीक, पण एक गोम राहिली. धडधाकट पी५३ पेशीत फार टिकत नाही, लगेच मोडीत निघतं. बिघडलेलं मात्र साचतं, म्हणून या प्रथिनाला रंग देणाऱ्या तपासणीत स्लाइडवर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. आणि हे प्रथिन बनवणारं जनुक पारच तुटलं असेल तर तीच केंद्रकं कोरी! १९७९ मध्ये हे प्रथिन सापडलं तेव्हा शास्त्रज्ञही फसले. दहाएक वर्षं त्याला कॅन्सर घडवणारंच समजत होते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्मॉल सेल (लहान पेशींच्या) प्रकारात तर पी५३ आणि आरबी (गाठ रोखणारं दुसरं प्रथिन) दोन्ही जवळपास सगळ्यांचेच गेलेले असतात, मग रुग्णारुग्णातला फरक त्यावरून काय कळणार? रिपोर्टमध्ये मी तरी आधी स्टेजच, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय तेच, बघेन.