सातच्या जीपला आठ जण

गोव्यात राहणाऱ्या माणसाने सहसा दूधसागर धबधबा पाहिलेला नसतो. पाहुणे आले की तो पाहावा लागतो.

यंदा पुण्याहून ताई, भाऊजी आणि दोन भाच्या येणार म्हटल्यावर भाऊजींनी आधीच 'दूधसागर पक्कं' नावाचा ग्रुप काढला. भाऊजी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. जी गोष्ट एक्सेलच्या चौकटीत बसत नाही ती अस्तित्वातच नाही असं ते मानतात, आणि दूधसागर नेमका कुठल्याच चौकटीत बसत नाही. ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत तो खरा कोसळतो पावसाळ्यात. तेव्हा कुळे गावाहून तिथे जाणाऱ्या जीप बंद, कारण जंगलातल्या वाटेत आडवे येणारे ओहोळ गाडीला जुमानत नाहीत. ऑक्टोबरात जीप सुरू होतात, आणि पाणी आटायला लागतं.

भाऊजींनी पहिल्याच दिवशी लिहिलं, "भरपूर पाणी आणि जीप, दोन्ही हवं. कोणता महिना?"

"असा महिना नाही, भाऊजी."

"मग कोणाशी बोलावं लागेल?"

मग त्यांनी रेल्वेचा पर्याय काढला. मडगावहून कॅसलरॉकला जाणारा लोहमार्ग धबधब्याच्या ऐन तोंडावरून जातो, हे त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. गाडीतून दिसतो हे खरं, पण उतरता येत नाही, आणि रुळांवरून चालत जायला मनाई आहे. २०२३ च्या जुलैत असेच रुळांवरून निघालेल्या हौशी मंडळींना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, ती बातमी मी ग्रुपवर टाकली. भाऊजींचं उत्तर आलं, "उठाबशा मी रोज पन्नास काढतो." त्यावर ताईने फक्त एक अंगठा पाठवला. तो कशाला दिला होता ते तिलाच ठाऊक. भाच्यांचा वाद वेगळाच सुरू झाला होता: खिडकी डावीकडची धरायची की उजवीकडची. जायचं ठरण्याआधीच दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

या सगळ्यात आई एकटी शांत. तिचं म्हणणं एवढंच की इतकं लांब कशाला जायचं. दूधसागरचं पाणी खांडेपारच्या नदीत येतं, ओपाला त्याच नदीचं पाणी उचलून शुद्ध करतात, आणि तेच पणजीत आपल्या नळाला येतं. "सकाळी सहाला नळ सोडा आणि बघा. आंघोळपण होईल." शास्त्रीयदृष्ट्या यात खोट काढता येईना. भाऊजींनी हा मुद्दा एक्सेलमध्ये 'पर्याय क्रमांक ४' म्हणून नोंदवला, खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि मग बराच वेळ त्या शून्याकडे पाहत बसले, असं ताईने मला खाजगीत कळवलं.

शेवटी ऑक्टोबर ठरला. वार ठरवण्यात आणखी एक आठवडा गेला. रविवारी गर्दी. सोमवारी बायकोचा उपास. गुरुवारी आई मासे खात नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवर फिश थाळीला काही अर्थ उरत नाही, असं भाऊजींना वाटत होतं. (आई खात नाही तर तुम्ही खा, हे मी सुचवून पाहिलं. ते हळवे झाले.) बुधवार कोणाच्याच आड येत नव्हता, म्हणून सगळ्यांना त्याचा संशय आला. पण बुधवारच ठरला.

निघायची वेळ पहाटे साडेपाच. पणजी ते कुळे साठेक किलोमीटर, म्हणजे साडेसातला रांगेत पहिला नंबर आपला, असा भाऊजींचा हिशेब. तो चोख होता. फक्त त्यात देव धरले नव्हते. पणजीहून फोंड्याकडे जाणारा रस्ता म्हणजे आधी मंगेशी, मग म्हार्दोळची म्हाळसा. देवळापुढून मान वळवून तसंच पुढे जायचं, हे आईला मरेपर्यंत जमणार नाही. "पाहुणे घेऊन चाललोय आणि देवाला तोंड न दाखवता?" मंगेशीला भाच्यांचे फोटो, म्हाळसेला ओटी. मग फोंड्याला भाजी-पाव, कारण देवळातून थेट जंगलात कोण जातं? गरम पाव मोडून पातळ भाजीत बुडवताना भाऊजी दर घासाला घड्याळ बघत होते, आणि तरी त्यांनी दुसरी प्लेट मागवली.

कुळ्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने आम्हाला बोटांवर मोजलं. "जीपीक सात जाण. चड ना."

आम्ही आठ.

एवढ्या आठवड्यांत एक्सेलच्या तेवीस रकान्यांत बिस्किटांच्या पुड्यांपासून जुलाबाच्या गोळीपर्यंत सगळं होतं. माणसं मोजलेली नव्हती. मग मराठी घरात होतं तेच झालं. सगळे एकदम त्यागी झाले. "तुम्ही जा, मी थांबते." "नाही नाही, तू जा, मी काय, कधीही बघेन." दहा मिनिटं ही उदारता चालली आणि तेवढ्यात दोन जीप आमच्या पुढून भरून गेल्या. आई म्हणाली, "मी थांबते", आणि तिने लाइफ जॅकेट मात्र काढलं नाही. ते जॅकेट आधीच्या कुणाच्या तरी पाण्याने ओलं होतं, त्याचं एक बक्कल गायब होतं आणि तिने तिथे साडीची सेफ्टी पिन लावली होती. ती थांबणार नव्हती हे उघड होतं.

पलीकडच्या जीपमध्ये कॉलेजची सहा मुलं होती, दिल्लीकडची, एक जागा रिकामी. भाऊजींनी फायल काखेत मारली आणि कोणाकडेही न बघता त्यांच्यात जाऊन बसले.

रस्ता सांगण्यासारखा नाही, तो हाडांनी मोजायचा. पहिल्या ओहोळात पाणी जीपच्या फळीवर आलं, ताईने पाय वर घेतले आणि ड्रायव्हरने एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने तंबाखू मळली. धबधब्यापाशी माकडांनी आमच्या नारळाच्या वड्यांचा डबा उघडला, तोही झाकण न मोडता. पाणी? होतं. भरपूर होतं. आई म्हणाली, "नळाला याच्या निम्म्या जोरानेसुद्धा येत नाही", आणि तक्रार कोणाकडे करायची ते विचारलं.

भाऊजी भेटले ते कुंडाच्या काठावर. भिजलेल्या सहा पोरांना ते फायल उघडून काहीतरी समजावत होते आणि पोरं माना डोलवत होती.

परतताना फोंड्याजवळ भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मेसेज वाचला: "अंकल, कल का प्लॅन भेजो."